शिरपामाळावर थांबलेला बाण

जव्हार गावाजवळच्या शिरपामाळावर पाहण्यासारखे फारसे काही नाही. मोकळा माळ, भणाणता वारा, एक लहानसे स्मारक, भगवा ध्वज आणि कडेने खाली उतरत गेलेली झाडी. सुरतेच्या पहिल्या स्वारीस जाताना शिवाजी महाराजांचा तळ या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या शिरावर मानाचा तुरा खोवला. त्या शिरपेचावरून हा माळ शिरपामाळ झाला, असे जव्हारात सांगतात. दिवसही सांगतात: ३१ डिसेंबर १६६३. सहलीला आलेली मंडळी येथे दहा मिनिटे थांबतात, छायाचित्रे काढतात आणि सूर्यास्त गाठण्यासाठी पुढे निघतात. आम्हीही आजवर असेच दहा मिनिटे थांबून पुढे गेलो होतो.

या माळाविषयी पुन्हा विचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो मोखाड्याकडचा. डावपेचांचे संगणकीय खेळ खेळताना पडद्यावर जे घडते ते टिपून त्यावर मराठीत निवेदन करण्याचा उद्योग तो करतो आणि त्यावर त्याचे बऱ्यापैकी चालते. २००९ साली आलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांची सत्ता खेळाडूला स्वतःकडे घेता येते. खेळ सुरू होतो १७०० साली. पाहणारे विचारतात, की त्याआधी काय झाले, खरी लढाई कशी झाली. मग हा विद्यार्थी खेळाच्या दोन भागांमध्ये स्वतः तयार केलेले चलत् नकाशे घालतो: डोंगर, नद्या, रंगीत मुलूख आणि त्यांतून सरकणारे बाण. सुरतेच्या स्वारीचा तीन मिनिटांचा नकाशा त्याने केला होता आणि त्याचे निवेदन तपासून घ्यायला तो आमच्याकडे आला. मराठी शिकवणाऱ्यांकडे नकाशा घेऊन सहसा कोणी येत नाही. तोही भाषेसाठीच आला होता. आम्ही मात्र भाषेपाशी पोचण्याआधी नकाशातच अडकलो.

बाण राजगडावरून निघाला, घाटमाथ्याने वर गेला, त्र्यंबकेश्वराजवळ वळला, जव्हारवरून सरकला आणि थेट सुरतेला भिडला. जव्हारपाशी एक पांढरा ठिपका उमटला, नाव चमकले आणि सेकंदाच्या आत पुसले गेले. ज्या मुलुखात हा मुलगा वाढला तेथे बाण क्षणभरही रेंगाळला नाही. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “सर, बाण थांबला की बघणाऱ्याला वाटतं व्हिडिओ अडकला. तो लगेच पुढं सरकवतो.”

हे उत्तर आम्हांला हसू आणणारे वाटले, पण नंतर ते मनातून जाईना. गती हा ज्या माध्यमाचा प्राण, त्यात मुक्कामाला जागा कशी मिळायची? आणि शिरपामाळाचा सगळा इतिहास तर मुक्कामाचा आहे. तेथे लढाई झाली नाही, कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. दोन राजे भेटले, एवढेच.

असे नकाशे कसे घडतात ते त्याने आम्हांला बसवून दाखवले. आधी तळाचा भूप्रदेश. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीची उंची मोजली. ती सगळी आकडेवारी आता कोणालाही मोफत उतरवून घेता येते. ‘क्यूजीआयएस’ या नकाशाच्या प्रणालीत ती घालायची, तेथून ‘ब्लेंडर’मध्ये नेऊन डोंगरांना उठाव आणि सावली द्यायची, मग ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये रंग, नावे आणि बाण चढवायचे. बाणाला चालवण्यासाठी काही मोजक्या खुणा ठरवाव्या लागतात, ज्यांना ही मंडळी ‘कीफ्रेम’ म्हणतात: अमुक क्षणी बाण राजगडावर, तमुक क्षणी सुरतेवर. या दोन खुणांमधली शेकडो चित्रे संगणक स्वतः भरतो. हाताने व्यंगपट काढत असत त्या काळी प्रमुख चित्रकार मुख्य अवस्था काढी आणि मधली चित्रे दुय्यम चित्रकार भरत. आता ते दुय्यम काम यंत्राकडे गेले आहे. यंत्र ते फार गुळगुळीत करते. डोंगर चढताना बाणाला धाप लागत नाही, नदीशी तो उतार शोधत नाही, रात्री झोपत नाही.

यावर नाक मुरडण्याचा अधिकार आम्हां साहित्याच्या लोकांना कितपत आहे, याची शंका वाटते. बखरकारांनी वेगळे काय केले? फौज एका ठिकाणाहून निघाली, दुसऱ्या ठिकाणी पोचली आणि मध्ये ‘मजल दरमजल’. मराठी गद्याने शतकानुशतके वापरलेली ही मधली चित्रेच होत. ‘कूच दर कूच’ म्हटले की घोड्यांचा दाणा, पाणवठे, वाटाड्यांची बिदागी, आजारी पडून मागे राहिलेली माणसे, सारे त्या तीन शब्दांत विरघळते. फरक असलाच तर हा, की ‘मजल दरमजल’ वाचताना येथे काहीतरी गाळले आहे हे वाचकाला कळते. सरकता बाण पाहताना तसे कळत नाही. पाहणाऱ्याला सगळाच रस्ता दाखवल्यासारखा वाटतो.

आता या स्वारीच्या खऱ्या खुणा किती आहेत ते पाहू. सुरतेच्या बाजूने त्या भक्कम आहेत, कारण तेथे इंग्रज आणि डच वखारवाले बसले होते आणि व्यापारी माणूस घडले ते टिपून ठेवतो. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. ते त्याने धाडले सर टॉमस ब्राऊनला, म्हणजे इंग्रजी गद्याच्या अभ्यासकांना ठाऊक असलेल्या त्याच ब्राऊनला. साहित्य आणि सुरतेची लूट यांचा असा संबंध असेल हे आम्हांला विद्यार्थिदशेत कोणी सांगितले नव्हते. मंगळवार ५ जानेवारीच्या सकाळी मराठे गणदेवीला आल्याची वार्ता सुरतेत पसरली. बुधवार ६ तारखेला दुपारच्या आत महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन उतरले. रविवार १० तारखेला ते निघून गेले. या वारांवर आणि तारखांवर सहसा कोणी वाद घालत नाही.

मात्र येथे एक मेख आहे. इंग्रज त्या काळी जुनी, म्हणजे ज्युलियन कालगणना पाळत होते. आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन गणना तिच्यापेक्षा दहा दिवस पुढे होती. पडताळा सोपा आहे. ग्रेगोरियन गणनेने ५ जानेवारी १६६४ हा दिवस शनिवार येतो. मंगळवार येतो तो ज्युलियन गणनेनेच. म्हणजे आजच्या दिनदर्शिकेने महाराज सुरतेला पोचले ते १६ जानेवारी १६६४ रोजी. शिवाय त्या काळचे इंग्रज नवे वर्ष २५ मार्चला सुरू करीत, त्यामुळे त्यांच्या जानेवारीतल्या कागदांवर साल १६६३ दिसते. महाराजांची जन्मतारीख म्हणून आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३० हीदेखील ज्युलियनच. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च. हे सारे पुस्तकात तळटीपेत ढकलता येते. चलत् नकाशात तसे करता येत नाही, कारण पडद्याच्या कोपऱ्यात तारीख सतत पळत असते आणि बाण तिला बांधलेला असतो.

मग जव्हारची ३१ डिसेंबर ही तारीख कोणत्या गणनेची? आम्ही ती नकाशावरच मोजून पाहिली. जव्हार ते गणदेवी सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर, सुरतेपर्यंत सुमारे १५०. ज्युलियन धरली तर ३१ डिसेंबर ते ५ जानेवारी म्हणजे पाच दिवस. वळणावळणांची जंगलवाट धरून रोजची मजल पंचवीस-तीस किलोमीटरांची पडते. घोडदळाला, तेही सोबत वाटाडे असताना, ही चाल सहज शक्य आहे. उलट ती ग्रेगोरियन मानली तर मध्ये पंधरा दिवस मोकळे सुटतात. ज्या स्वारीचे सारे यश गुप्ततेवर अवलंबून, तिने सुरतेच्या इतक्या जवळ पंधरा दिवस रेंगाळावे हे पटत नाही. तेव्हा परंपरेने सांगितलेली तारीख इंग्रजी कागदांशी एकाच गणनेत नीट बसते. यावरून ती खरी ठरते असे नव्हे. कोणी नंतरच्या काळात सुरतेच्या तारखेवरून मागे मोजून ती बसवली असेल, असेही म्हणता येईल. परंतु निदान ती अशक्य नाही. त्या मुलाने नकाशात सुरतेची तारीख एका संकेतस्थळावरून ग्रेगोरियन घेतली होती आणि जव्हारची स्थानिक फलकावरची. त्यामुळे त्याच्या नकाशात सैन्य जव्हार-सुरत अंतर सोळा दिवसांत काटत होते आणि तरीही सुरत ‘अचानक’ गाठत होते.

दुसरी चूक त्याची नव्हे, उपग्रहाची. नकाशावर मोखाड्याच्या डोंगरांत निळी तळी चमकत होती. वैतरणेवरचा मोडकसागर पन्नाशीच्या दशकातला, अप्पर वैतरणा सत्तरीच्या दशकातला, मध्य वैतरणा तर परवाचा. मुंबईला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी नदी अडवून झालेले हे जलाशय. १६६३ साली तेथे खोल दऱ्या आणि त्यांतून वाहणारी नदी होती. महाराजांच्या सैन्याला पाणी लागले असेल ते झऱ्यांचे. आम्ही तळ्यांकडे बोट दाखवताच तो हसला. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथला तो मुलगा. “हे पाणी आमचं नव्हतंच कधी,” असे म्हणून त्याने तळी पुसायला घेतली. बुजवलेल्या जागी दऱ्या परत आणण्यासाठी त्याला जुने भूमापनाचे नकाशे शोधावे लागले आणि त्यात दोन आठवडे गेले. तीन मिनिटांच्या चित्रात दीड सेकंद दिसणाऱ्या दरीसाठी दोन आठवडे. आमच्या व्यवसायात इतक्या निष्ठेने एखादी तळटीप लिहिणारे किती आहेत, कोण जाणे.

आता रंगांकडे येऊ; खरा पेच तेथे आहे. अशा नकाशांत प्रत्येक सत्तेला एक रंग असतो आणि जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या तरी एका रंगाचा असावा लागतो. या सवयीचे मूळ खेळातच आहे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या बापलेकांनी ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धाचा खेळ रचला. बापाने १८१२च्या सुमारास तो राजाला दाखवला आणि मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तांबड्या आणि निळ्या ठोकळ्यांच्या पलटणी सरकवायच्या, एका खेळीत दोन मिनिटांचा काळ गेला असे मानायचे, आणि पंचाने निर्णय द्यायचा. अधिकाऱ्यांना युद्ध शिकवण्यासाठी केलेला हा खेळ. म्हणजे युद्धाचा सरकता नकाशा आणि युद्धाचा खेळ ही जुळी भावंडे आहेत. आजची पोरे खेळाच्या चित्रफितींसाठी नकाशे करतात तेव्हा ती भावंडे दोनशे वर्षांनी पुन्हा एकत्र येतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पर्सी स्मिथने चित्रपटगृहांसाठी हलते युद्धनकाशे केले. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक काप्राच्या ‘व्हाय वी फाइट’ या प्रचारपटांसाठी डिस्नेच्या चित्रकारांनी नकाशे जिवंत केले. त्यांत शत्रूचा काळा रंग शाईसारखा देशोदेशी पसरत जातो. २००३ साली बीबीसीने ‘टाइम कमांडर्स’ या कार्यक्रमात प्राचीन लढाया दाखवायला थेट एका संगणकीय खेळाचेच यंत्र वापरले. मिनारने १८६९ साली काढलेला नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा नकाशा या सगळ्यांहून शहाणा म्हणावा लागेल: तो हलत नाही, पण त्यातली रेघ जाताना चार लाख बावीस हजार माणसांइतकी रुंद आहे आणि परतताना दहा हजारांइतकी बारीक. आपल्या नकाशांतला बाण मात्र सुरतेला जाताना जेवढा जाड असतो तेवढाच येताना. लुटीचे ओझे त्याला दिसत नाही. आणि चार हजारांपासून दहा हजारांपर्यंत सैन्याचे जे आकडे वेगवेगळ्या लेखनात येतात, त्यांतला कोणता धरून जाडी ठरवावी, हा प्रश्न तसाच राहतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या नकाशात जव्हार हिरवे होते, म्हणजे मोगली. का, असे विचारता तो म्हणाला की खेळात तेथे वेगळी सत्ताच नाही. कोणता तरी रंग द्यायला हवा म्हणून शेजारचा दिला. आपले घर ज्या मुलुखात, तो मुलूख नकाशावर शेजाऱ्याच्या रंगात बुडालेला त्याने इतकी वर्षे पाहिला होता आणि तो ते स्वाभाविक मानत होता.

वस्तुस्थिती अशी, की ज्या वेळी दिल्लीत मोगल नव्हते त्या वेळीही जव्हारात मुकणे होते. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांची उत्पत्तिकथा दिली आहे. जव्हार पूर्वी एका वारली नायकाकडे होते. जयबा नावाच्या कोळ्याने त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारल्याने हो म्हटले. जयबाने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिचा घेर मोठ्या मुलुखाभोवती टाकला. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी कार्थेजच्या डिडो राणीविषयी सांगतात; कथा प्रवास करतात, त्याला कोण काय करणार. परंतु जव्हारच्या तोंडी ती आली तेव्हा तिच्यात एक खरी गोष्ट शिल्लक राहिली: या राज्याच्या सीमेचे पहिले चित्र कातड्याच्या वादीने काढलेले आहे आणि त्या वादीच्या आत आधीपासून वारली राहत होते. पुढे जयबाचा मुलगा नेमशहा याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत, मधले खंड धरूनही, टिकले. नंतर तो मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

एकच जमीन एकाच वेळी अनेकांची असू शकते, हे रंगांच्या नकाशाला कळतच नाही. जव्हारच्या उत्तरेचे रामनगर, म्हणजे पुढचे धरमपूर संस्थान, याचे फार चांगले उदाहरण आहे. दमणची गावे पोर्तुगीजांची. पण त्या गावांच्या वसुलातला चौथाईचा हक्क रामनगरच्या राजाचा आणि पोर्तुगीज तो देत असत. मग दमणची ती शेते कोणत्या रंगाने रंगवायची? पुढे रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच चौथाईवर आपला हक्क सांगितला. चौथाई या शब्दाने अठराव्या शतकात अर्ध्या हिंदुस्थानाचे राजकारण चालवले, आणि तरीही तो कोणत्याही खेळाच्या नकाशावर रंगवता येत नाही; फार तर खजिन्याच्या आकड्यात दोन-चार मोहरांची भर पडते. याच भागातल्या वारल्यांच्या भिंतीवरच्या चित्रांत मात्र लग्नाचा चौक, तारप्याभोवतीचा फेर, पेरणी आणि शिकार एकाच वेळी, एकमेकांच्या कुशीत चाललेली असतात. तेथे बाणही नाही आणि रंगही एकच, पांढरा. असो, हा विषय वेगळा आहे.

सुरतेत प्रत्यक्ष काय झाले तेही ‘लढाईच्या नकाशा’त बसत नाही. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. शहर उघडे पडले. त्याने वाटाघाटीच्या निमित्ताने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर शस्त्र उगारले, तो जागीच मारला गेला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी राखून राहिले. घरे जळाली, माणसे मेली, काहींचे हात तोडले गेले. मराठ्यांच्या छावणीत पकडून ठेवलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाने ते पाहिले होते. यात दोन सैन्ये समोरासमोर कोठेच आली नाहीत. नकाशाला मात्र दोन बाजू लागतात, म्हणून त्या मुलाने किल्ल्याबाहेर एक हिरवा ठोकळा उभा केला होता आणि तो भगव्या ठोकळ्याला धडकून नाहीसा होत होता. तो काढून टाक, एवढेच आम्ही सांगितले. त्यानेही वाद घातला नाही. फक्त म्हणाला, की मग शेवटची चाळीस सेकंद रिकामी वाटतील.

आता ज्या कामासाठी तो आला होता त्याकडे, म्हणजे भाषेकडे. शिरपामाळाच्या ठिपक्याशेजारी ‘येथे विक्रमशहांनी महाराजांना शिरपेच अर्पण केला’ असे त्याने लिहिले होते. आम्ही ‘अर्पण’ या शब्दाशी थांबलो. शिरपेच हा मूळ फारसी सरपेच: सर म्हणजे डोके, पेच म्हणजे पीळ, वेढा. मराठी कानाने ‘सर’ऐवजी आपला ‘शिर’ ऐकला आणि शब्द घरचा केला. येथवर स्थानिक व्युत्पत्ती ठीक आहे. पण ‘शिरपेच’चा ‘शिरपा’ होताना चकार कोठे गेला? मराठीत याच घराण्यातला दुसरा शब्द आहे: शिरपाव. तो आला सर-ओ-पा यावरून. डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख. ‘शिरपाव’चा ‘शिरपा’ होणे उच्चाराच्या दृष्टीने अधिक सहज आहे. शेवटचा ‘व’ बोलण्यात गळतो, हे खेड्यापाड्यांत रोज ऐकू येते. आमचे हे अनुमान आहे, त्याला कागदाचा आधार नाही, आणि जव्हारकरांनी आपली व्युत्पत्ती सोडावी असा आमचा आग्रह नाही.

पण हे अनुमान धरले तर एक प्रश्न उभा राहतो. शिरपाव कोण कोणाला देतो? दरबारी रिवाजात धाकटा थोरल्याला नजराणा देतो आणि थोरला धाकट्याला शिरपाव. शिरपेचही बादशहाकडून सरदाराला मिळे. मग विक्रमशहांनी महाराजांच्या मस्तकी तुरा खोवला तेव्हा त्या कृतीचा अर्थ त्यांच्या मनात काय होता? आज आपण मागे वळून पाहतो तेव्हा महाराज मोठे आणि विक्रमशहा लहान, यात शंका वाटत नाही. १६६३च्या डिसेंबरात चित्र वेगळे होते. महाराजांचा राज्याभिषेक अजून सुमारे साडेदहा वर्षांवर होता. मुकण्यांच्या गादीला राजेपदाची मान्यता मिळून तीनशे वीस वर्षे झाली होती. जुन्या गादीवरच्या राजाने एका पराक्रमी पाहुण्याला आपल्या माळावर मान दिला, आपल्या मुलुखातून वाट दिली, असाही त्या भेटीचा अर्थ असू शकतो. ‘अर्पण केला’ म्हटले की तो मांडलिक होतो. ‘दिला’ म्हटले की तो यजमान राहतो. एका क्रियापदात एवढा फरक पडतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण ते एखाद्या राज्याच्या बाबतीत खरे ठरताना पाहण्याचा योग क्वचित येतो. त्याने ‘खोवला’ हा शब्द ठेवला. त्यात देणाऱ्याचा हात दिसतो, दर्जा दिसत नाही.

या भेटीनंतरची गोष्ट माळावर सांगितली जात नाही. १६७० साली सुरतेवर दुसरी स्वारी झाली; तिच्या परतीच्या वाटेवर बागलाणातून येताना वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी मोठी झुंज द्यावी लागली. सुरतेकडे जाणारी आपल्या हातातली वाट असणे किती मोलाचे, हे त्यातून दिसून आले असावे. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर आले आणि त्यांनी ते विक्रमशहांकडून जिंकून घेतले. जदुनाथ सरकारांनी तेथे हाती लागलेला खजिना सतरा लाख रुपयांचा असल्याचे नोंदवले आहे. पाठोपाठ जुलैत रामनगर गेले. कोकणपट्टीतून सुरतेच्या दारापर्यंत सलग रस्ता मोकळा झाला. तुरा खोवल्याला तेव्हा साडेआठ वर्षे झाली होती.

यात कोणाला दोष देण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. राज्य वाढवणाऱ्याला वाटा लागतात आणि वाटेवरच्या लहान राज्यांचे जे होते ते झाले. मोठी सत्ता घडताना तिच्या कडेच्या स्नेहाचे काय होते, याचे हे एक उदाहरण आहे, आणि स्मारकाच्या दगडावर ते न लिहिणाऱ्यांची अडचणही आम्हांला समजते. पण ज्या मुलाचे आजोळ त्या मुलुखात आहे त्याला फक्त पहिलाच भाग ठाऊक असावा, हे बरे नव्हे. आम्ही १६७२ची हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “मॅडम, म्हणजे बाण दोनदा आला?”

सुरतेचा नकाशा त्याने पुन्हा केला. तारखा एका गणनेत आणल्या, तळी पुसली, हिरवा ठोकळा काढला. शिरपामाळावर बाण आता चार सेकंद थांबतो. व्हिडिओ अडकला असे वाटू नये म्हणून त्या चार सेकंदांत माळावरचा ध्वज हलतो आणि वाऱ्याचा आवाज येतो. तो आवाज त्याने माळावर जाऊन फोनवर टिपून आणला आहे. लोक तेथे पुढे सरकवतात का, ते त्याला आकड्यांवरून कळते. काही सरकवतात.

१६७२चा नकाशा त्याने आता हाती घेतला आहे. त्यात जव्हारला हिरवा नाही, भगवाही नाही, मुकण्यांचा म्हणून निराळा रंग दिला आहे: कमावलेल्या कातड्यासारखा तपकिरी. जूनपर्यंत तो रंग तसाच राहतो.